आरएक्स१०० ला पोलरायझर लावायचा कसा? समोर आटेच नाहीत

फुटाळाकाठ:
सोनी आरएक्स१०० मार्क ३ कॅमेरा आहे. नागपूरच्या फुटाळा तलावावर पाण्याची इतकी चमक येऊन राहिली की काठाजवळचे दगडही दिसत नाहीत. पोलरायझर (चमक कापणारा, फिरवता येणारा फिल्टर) घ्यायचा आहे, पण लेन्सच्या तोंडाला आटे नाहीत. चिकटवायची रिंग लावली तर लेन्सची मोटर जाईल का?

पायलीभर_उजेड:
पातळ फिल्टरच्या वजनापेक्षा हाताच्या जोराची भीती जास्त. पुढे-मागे होणारी नळी बारीक खुंट्यांवर, तिरप्या खाचांतून सरकते. फिल्टर पिळताना जोर पडला की खुंटी खाचेतून निसटते आणि पडद्यावर लेन्स एरर. म्हणून फिल्टर बसवताना, काढताना, फिरवताना दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी नळीची कड धरा. अन् कॅमेरा बंद करण्याआधी फिल्टर काढा.

सोनीचीच चिकटवायची रिंग व्हीएफए-४९आर१ येते, ४९ मिमीच्या फिल्टरसाठी. त्यातलं कडं चिकटतं, फिल्टरचा भाग सुटा निघतो. चिकटवताना कॅमेरा बंद ठेवा: नळी आत असते, पाकळ्यांनी काच झाकलेली असते. कडं चिकटेल ती कड पुसायला आयसोप्रॉपिल अल्कोहोल कापडावर घ्या, लेन्सवर ओतू नका. कडं आधी नुसतं टेकवून मध्य जुळवा, मग चिकटवा. २४ तास फिल्टर लावू नका. नंतर चालू-बंद करून पाहा, पाकळ्या कुठे अडत तर नाहीत ना.

संत्रासाल:
मी म्हणेन, चिकटवूच नका. हातात धरा, काचेला टेकवू मात्र नका. आधी फिल्टर डोळ्यासमोर फिरवा, चमक गेली की कडेवरची खूण कुठे आली ते बघा, तसाच लेन्सपुढे धरा. पोलरायझर दोन प्रकारचे, लिनिअर आणि सर्क्युलर; या कॅमेऱ्याला साधा लिनिअरही चालतो. सर्क्युलरची सक्ती आत आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यांना. पाण्याशी साधारण ३७ अंशांचा कोन ठेवा, सरळ खाली पाहिलं तर काहीच फरक पडत नाही. उजेड दीड-दोन स्टॉप घटतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), शटर १/२५० सेकंदाचं १/६० होऊ शकतं.

लेन्सभोवती बॉडीला बसणारा नळीसारखा अडॅप्टर उत्तम, कारण फिल्टरचा भार बॉडीवर जातो. रिको जीआर ३ कॅमेऱ्याला जीए-१ अडॅप्टर तसाच बसतो. आरएक्स१०० च्या बॉडीला ती सोयच नाही.

फुटाळाकाठ:
कडं तिरपं बसलं तर काढता येतं का?

पायलीभर_उजेड:
येतं. कॅमेरा बंद ठेवून दातांचा फ्लॉस कड्याखालून करवतीसारखा ओढा. हेअर ड्रायर नको. अन् भाऊ, मे महिन्यात कॅमेरा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, गोंद मऊ पडून कडं आपोआपच सरकेल.