लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मॅडमकडे जाऊन नेमकं मागायचं काय?

औसा_एलएलबी
नमस्कार. लातूरला तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात, भावकीत कुणी वकील नाही, वडील शेती करतात. बी.ए. मराठीतून झालं, त्यामुळे इंग्रजी निकाल वाचायला फार वेळ लागतो. टी.पी. ॲक्ट (मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा) शिकवणाऱ्या मॅडम 'काही अडलं तर या' म्हणतात. मित्रांचं म्हणणं, कॉलेजच्या मास्तरांना कोर्टातलं काय कळतं, सरळ एखादा सीनियर धर. मॅडमकडे जाऊ का? गेलो तर बोलायचं काय, तेही सुचत नाही.

दिवाणी_नांदेड
मित्रांचं अर्धं खरं आहे. पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला वकिली करता येत नाही, बार कौन्सिलचा तसा नियमच आहे. वकिलाला मात्र दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. तुमच्याकडे तासिकेवर येणारे वकील असतील, त्यांना गाठा. नक्कल कशी काढायची, बेलीफ समन्स कसं बजावतो, तारीख कशी पडते, हे कोर्टातच कळतं.

वकील_अंबाजोगाई
वकीलसाहेबांचं बरोबर आहे, पण मॅडमना सोडू नका.

माझ्याही घरात कुणी वकील नव्हतं. आज दिवाणी कोर्टात मी दावा लिहिते तो सीपीसीच्या (दिवाणी प्रक्रिया संहितेच्या) सरांनी शिकवला म्हणून, आणि सर स्वतः कधी कोर्टात उभे राहिले नव्हते. ड्राफ्टिंगच्या पेपरला आमच्या वर्गात जुनी जर्नलं उतरवून काढायची पद्धत होती. सरांनी मला वाटपाचा दावा स्वतःच्या शब्दांत लिहायला लावला आणि समोर बसवून वाचला. विचारलं एवढंच, "दाव्याचं कारण कधी घडलं? या कागदावर कुठंय?" मग सीपीसीची ऑर्डर ७ उघडून दिली. दाव्यात काय काय हवं ते नियम १ मध्ये, जमिनीची ओळख चतुःसीमेने किंवा गट नंबराने कशी पटवायची ते नियम ३ मध्ये, दावा कधी फेटाळला जातो ते नियम ११ मध्ये. म्हणाले, एकेक ओळ याच्याशी ताडून बघ. हिस्सा कधी मागितला, कुणी नाकारला, हे तारखेनिशी येईपर्यंत तो कागद माझ्याकडे परत येत राहिला.

सीनियरही चांगलेच असतात. पण बोर्डावर ढीगभर मॅटर असताना ते तुमचा मसुदा स्वतः दुरुस्त करतात आणि पुढे जातात. का दुरुस्त केला, ते सांगायला त्यांना सवड नसते. शिक्षकाचं कामच ते.

म्हणून 'मार्गदर्शन करा' असं म्हणत जाऊ नका. त्यावर कुणीही 'वाचन वाढवा' एवढंच सांगू शकतं. हातात लिहिलेलं एक पान घेऊन जा. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा, सुप्रीम कोर्ट, २०२०, हा निकाल घ्या. मुलीला सहदायिकाचा, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेतल्या हिस्सेदाराचा, हक्क जन्माने मिळतो, त्यासाठी वडील ९ सप्टेंबर २००५ ला (हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी) हयात असण्याची गरज नाही, असं कोर्ट म्हणालं. का म्हणालं, ते एका पानात लिहा. आधी मराठीत लिहा, बिनधास्त. विचार मराठीत स्पष्ट झाला की इंग्रजी मागून येतं, हे मी स्वतः अनुभवलंय. मग मॅडमना म्हणा, "यात कुठं चुकतंय ते सांगाल का?"

तिसऱ्या वर्षी मूट कोर्टच्या (सरावासाठीच्या लुटुपुटूच्या कोर्टाच्या) पेपरला एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला बघून टिपणं काढायची असतात, ३० गुणांना. तीही जर्नल भरण्यापुरती ठेवू नका. साक्षीदाराला अमुक प्रश्न का विचारू दिला नाही, असं काही अडलं की टिपण घेऊन जा.

औसा_एलएलबी
ताई, खूप आभार. पण मॅडम फॅमिली लॉ शिकवत नाहीत, चालेल ना? आणि आजोबा २००५ च्या आधीच वारले म्हणून आत्यांना हिस्सा नाही, असं आमच्या गावात सगळे ठामपणे सांगतात.

वकील_अंबाजोगाई
चालेल. त्यांना युक्तिवाद तपासायचाय, विषय नाही. फार आत शिरायचं झालं तर कुणाकडे जा, ते त्याच सांगतील.

आत्यांचा प्रश्नच पानाच्या वर लिहा. मात्र कागद बघितल्याशिवाय घरात निकाल देऊ नका. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाची वाटपाची डिक्री (हुकूमनामा) झाली असेल, तर चित्र बदलतं. निकाल लांबलचक आहे. शेवटी उत्तरं एकत्र दिलीत, वाचायला तिथून सुरुवात करा.