बोंग जून-हो इंग्रजीत गेला आणि हरवला?

खिडकीपाशी:
कोरियन दिग्दर्शक बोंग जून-होचा इंग्रजी 'मिकी १७' एकदाचा पाहिला. ११ कोटी डॉलरच्या पुढचा खर्च, रॉबर्ट पॅटिन्सन, परग्रह, सगळं आहे. त्याच्या कोरियन 'मेमरीज ऑफ मर्डर'मधला ट्रॅक्टर तेवढा नाही. आठवतोय ना? शेतातल्या कच्च्या रस्त्यावर खुन्याच्या बुटाचा ठसा मिळालाय, पोलिसाच्या भूमिकेतला सोंग कांग-हो तो जपा म्हणून घसा फोडतोय, बाजूला माणसं बांधावरून घसरून पडतायत, आणि ट्रॅक्टर येतो तो नेमका ठशावरून. हसता हसता पोटात गोळा येतो. खून झाले ते १९८६ चं ह्वासोंग, तिथले पोलीस, तिथला चिखल हाडात मुरल्याशिवाय असा प्रसंग सुचत नाही. परग्रहावर त्याचा हा हात चालत नाही. त्याने कोरियनमध्येच सिनेमे करावेत, असं माझं स्पष्ट मत.

शेवटचा डबा:
साफ असहमत. इंग्रजी बोलले की हॉलिवूड झालं का? त्याचाच इंग्रजी 'स्नोपियर्सर' (२०१३) घ्या. पैसा कोरियन, निर्मात्यांत कोरियन दिग्दर्शक पार्क चान-वूक, चित्रीकरण प्रागला. सगळी गोष्ट एका रेल्वेगाडीत, मागच्या डब्यात गरीब, पुढे श्रीमंत. हीच गाडी उभी केली की त्याच्या पुढच्या कोरियन 'पॅरासाइट'चं घर होतं, तळघरापासून वरच्या हिरवळीपर्यंत. मधला तो प्रवास झाला नसता तर?
हॉलिवूड आलं ते नंतर, कात्री घेऊन. वितरक हार्वी वाइनस्टाइनला मारामारीआधी मासा चिरतात तो शॉट नको होता. बोंगने ठोकून दिलं, "माझे वडील कोळी होते, हा शॉट त्यांच्यासाठी आहे." शॉट वाचला. वडील होते ग्राफिक डिझायनर!

खिडकीपाशी:
किस्सा झकास, पण बाजू माझीच मांडलीत. एका माशासाठी बापाचा धंदा बदलावा लागतो, तिथे जायचंच कशाला? 'पॅरासाइट' घरी बसून केला, तर कान महोत्सवात पाम द'ओर आणि वर ४ ऑस्कर.

जुना पापी:
घर घर काय लावलंय राव. पहिला सिनेमा २००० साली आला आणि आपटला. समाजशास्त्राचा पदवीधर, फिल्म अकादमीतून शिकलेला, हातात एक फ्लॉप. त्याच निर्मात्याने पुन्हा पैसे लावले म्हणून २००३ चा 'मेमरीज' झाला आणि ५० लाखांवर तिकिटं खपली. 'द होस्ट' (२००६) तर १ कोटी ३० लाख, आणि देशाची लोकसंख्या ५ कोटींच्या आत. इतकं करून पुढे राष्ट्राध्यक्ष पार्क गुन-हे यांच्या सरकारने केलेल्या कलाकारांच्या काळ्या यादीत नाव! घरही काही माहेर नव्हतं त्याचं.
बाकी 'मिकी' मलाही अर्धाच आवडला. पण खापर भाषेवर नको. त्याच्या अर्ध्या कोरियन, अर्ध्या इंग्रजी 'ओक्जा'त कोरियन डोंगरातला भाग सुंदर आणि न्यूयॉर्कचा कर्कश, हे मान्य. तिथे तो अमेरिकनांची नक्कल करून दाखवतो, माणसं दाखवत नाही.

खिडकीपाशी:
म्हणजे शेवटी भाषेवरच आलात की!

जुना पापी:
भाषेवर नाही, ओळखीवर आलो. 'स्नोपियर्सर'मध्ये ब्रिटिश नटी टिल्डा स्विन्टन काय कमी इंग्रजी बोलते? ती बाई कवळी काढून दाखवते तेव्हा तुमचा ट्रॅक्टरच आठवतो.

शेवटचा डबा:
+१ कवळीला. आता म्हणे खोल समुद्रातल्या जीवांवर अॅनिमेशन करतोय. त्यांची मातृभाषा कोणती धरायची ते ठरवून ठेवा.