पहिला एक्स-रे नॉर्मल होता तरी

अपघातात छाती-पोटामधला पडदा फाटल्याचं उशिरा कळलं की ‘पहिल्याच एक्स-रेत दिसायला हवं होतं, डॉक्टरांचा हलगर्जीपणा’ असं म्हणतात, ते मत सरसकट पटत नाही. हा पडदा फाटला तरी आतडी लगेच वर छातीत सरकतीलच असं नाही. पेशंट व्हेंटिलेटरवर असेल तर हवेच्या दाबाने ती खालीच राहू शकतात. भानगड नंतर कळते, कधी तर काही वर्षांनी.

माझ्या मावसभावाला वर्धा रोडवर अपघात झाला. बरगड्या जुळल्या, सगळे निश्चिंत. मग जेवलं की धाप लागायची, अन् जो तो ॲसिडिटीचं औषध सुचवायचा. एका सर्जननी डाव्या छातीला स्टेथोस्कोप लावला तर आत पोटातल्यासारखी गुडगुड! (उजवीकडे लिव्हर आड येतं, म्हणून पोटातलं वर सरकणं डावीकडेच जास्त.) नाकातून रायल्स ट्यूब (जठरापर्यंत जाणारी नळी) घालून एक्स-रे काढला, तर नळीचं टोक छातीत वळलेलं. जठरच वर चढलं होतं. नशीब, छातीत पाणी झालंय समजून ते काढायला कुणी तिथे बाहेरून नळी खुपसली नाही, नाहीतर ती जठरातच घुसली असती.