जिंकलो म्हणून सीड घसरलं! आरपीआयभक्तांना उत्तर

केरीकर (धागालेखक)
काल इथे एका सभासदाने लिहिलं, की नॉर्थ कॅरोलायनात हायस्कूल सॉकरच्या प्लेऑफचं सीडिंग (बाद फेरीतला क्रम, आकडा लहान तितकं स्थान वरचं) आरपीआयवर, म्हणजे रेटिंग पर्सेंटेज इंडेक्सवर होतं ते उत्तमच आहे, आकडा कुणाचा मामा नसतो, आणि रडणारे पालक गणितात कच्चे असतात. वाचता वाचता चहा गार झाला. प्रतिसादात मावेना म्हणून हा धागा.

कच्चे ना? मग करू गणित. स्वतःच्या विजयाचं प्रमाण ३० टक्के, प्रतिस्पर्ध्यांचं ४०, प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचं ३०. म्हणजे शंभरातले सत्तर माझ्या पोराच्या पायात नाहीतच. समजा संघ १० जिंकला, २ हरला. दुसरा आकडा ०.६००, तिसरा ०.५५०. आरपीआय आला ०.६५५. आता तेरावा सामना. दहाच्या दहा हरलेल्या संघाला हरवलंत (त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचा आकडा ०.५०० धरा), तर ०.६३९. दहाच्या दहा जिंकलेल्या संघाकडून हरलात (तिसरा आकडा तसाच ठेवून), तर ०.६४८. परत वाचा. हरलात तर जास्त, जिंकलात तर कमी!

आमचं हेच झालं. २०२४ चा सीझन, तेव्हा चारच क्लास (शाळेच्या आकारानुसार गट) होते, आमच्यात पूर्वेकडे ३२ संघ आणि पश्चिमेकडे ३२. शेवटचा सामना ८-० जिंकलो आणि १५ वरून १८ वर घसरलो. १६ पर्यंत असतो तर पहिली फेरी घरी. त्याऐवजी पिवळ्या बसमधून दोन तास विल्मिंग्टनच्या बाजूला, १-२ ने हार, घरी यायला रात्रीचे बारा. पोरगा शिनगार्ड न काढताच सोफ्यावर झोपला. शेवटचं वर्ष होतं त्याचं.

आकडेमोड
'रडणारे पालक' लिहिणारा मीच. शब्द मागे घेत नाही.

तुमचं गणित बरोबर आहे. पण तुम्ही जो दोष म्हणून दाखवताय, तेच त्या सूत्राचं काम आहे. लिंबूटिंबू गोळा करून पंधराच्या पंधरा सामने जिंकणाऱ्या संघाला वरचं सीड मिळू नये म्हणूनच तो ४० टक्क्यांचा तुकडा आहे. आणि ८-० चं कौतुक सांगू नका, आरपीआयला गोल दिसतच नाहीत. १-० काय नि ८-० काय. तेही मुद्दाम, नाहीतर कोचनी दुबळ्या पोरांवर पंधरा-पंधरा गोल चढवले असते.

पर्याय काय सुचवताय? ओहायोत वर्षानुवर्षे कोच मतदान करून सीड ठरवत. पाचामुखी परमेश्वर! कोण कुणाच्या अंगणात बार्बेक्यूला जातो यावर सीड.

गोलकीपरची_आई
'वेळापत्रक तगडं ठेवा' असं पुढे म्हणणारच आहात, म्हणून आधीच सांगते. अर्ध्याहून जास्त सामने कॉन्फरन्सचे (ठरवून दिलेल्या शाळांच्या गटातले) असतात, ते कोच निवडत नाही. आमची कॉन्फरन्स दुबळी. उरलेल्या तारखांसाठी आमच्या कोचने मोठ्या शाळांना मेल टाकल्या. एकीचं उत्तर आलं, "या वर्षी जमणार नाही." बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. का जमेल? आमच्याशी जिंकून त्यांचा आकडा उतरणार, हरले तर आणखी उतरणार. याला न्याय म्हणायचं असेल तर म्हणा, मी मात्र वाळीत टाकणं म्हणेन.

आकडेमोड
ताई, हा मुद्दा खरा आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही. (स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुन्हा मिळणार नाही.)

रंकाळा_काठ
हे काय चाललंय राव? आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर लीग असती. प्रत्येक टीम प्रत्येकाशी खेळती, गुण मोजायचे, विषय कट. पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की अख्खी पेठ बांधावर. पॉइंट तीन आकडी काय बी लागत न्हाई.

केरीकर
दादा, कोल्हापूर एका गावात मावतं. इथे राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला आठ तास लागतात. सगळे सगळ्यांशी खेळले तर पोरं दहावी पास होणार नाहीत.

रंकाळा_काठ
आमची बी कुठं झाली 😄

अर्धवट_पुणेकर
सॉकरमधलं फारसं कळत नाही, पण "तू कसा खेळलास यापेक्षा तुझ्यासमोर कोण होतं ते महत्त्वाचं" हे वाचून सीईटीच आठवली. माझ्या भाचीची दुपारची शिफ्ट. पेपर घाम काढणारा. तिच्या मैत्रिणीची सकाळची, ती हसत बाहेर आली. मैत्रिणीला पर्सेंटाइल जास्त. आता सांगा, हा न्याय?

आकडेमोड
हे उलटं आहे हो. पर्सेंटाइल त्याच शिफ्टमधल्या मुलांशी तुलना करूनच काढतात. अवघड पेपर सगळ्या शिफ्टलाच अवघड. भाचीची तुलना मैत्रिणीशी झालीच नाही.

अर्धवट_पुणेकर
आणि त्या शिफ्टला हुशार पोरं जास्त बसली असतील तर?

आकडेमोड
हजारो मुलं असतात एका शिफ्टला. सरासरी सारखीच येते.

अर्धवट_पुणेकर
'येते' की 'येत असावी'? तुम्ही मोजलीत? घरात मुलगी दोन दिवस जेवली नव्हती. अमेरिकेत बसून सरासरी शिकवणं सोपं असतं.

आकडेमोड
अमेरिकेचा इथे काय संबंध? मीही बारावी लातूरलाच केली. तेव्हा पर्सेंटाइल नव्हतं, एका मार्काने मेडिकल हुकलं. मी कुणाच्या नावाने धागा काढला नाही.

गोलकीपरची_आई
आत्ता कळलं, आकड्यांवर एवढं प्रेम का.

आकडेमोड
हे वैयक्तिक होतंय.

शेंगदाणा_लाडू
पॉपकॉर्न घेऊन बसलेय. अवांतर: आमच्याकडे पुढच्या पिढीतही शिफ्टचं रडगाणं चालूच आहे. माझी लेक सकाळच्या शिफ्टला होती आणि तिलाही कमीच मिळाले. आता सकाळवाल्यांनी कुणाला शिव्या द्यायच्या?

अर्धवट_पुणेकर
तिला कमी मिळाले म्हणून माझं चुकीचं ठरत नाही. उलट एकूण पद्धतच...

केरीकर
अहो, धागा सॉकरचा आहे! सीईटीसाठी वेगळा काढा, मी येऊन भांडेन.

मूळ मुद्दा. एनसीएएने (कॉलेजच्या खेळांची संघटना) १९८१ पासून पोसलेला हा आरपीआय पुरुषांच्या बास्केटबॉलमधून २०१८ मध्ये स्वतःच काढून टाकला आणि 'नेट' नावाचं नवं रँकिंग आणलं. बापाने ज्याला घराबाहेर काढलं, त्याला आपण हायस्कूलमध्ये मानाचा पाट देतो.

आकडेमोड
नेट कळायला कठीण. आरपीआय कागदावर करता येतो, तुम्ही वर केलात तसा. पालकाला स्वतः तपासता येणारं सूत्र हवं की "संगणक म्हणतो म्हणून" हवं? तुम्हीच ठरवा. माझं म्हणणं एवढंच, की नियम ऑगस्टमध्ये सगळ्यांना ठाऊक होता. नोव्हेंबरात रडून काय उपयोग?

गोलकीपरची_आई
नियम ठाऊक असणं आणि तो बरा असणं यात फरक आहे. आमच्या सोसायटीत लिफ्ट रात्री दहाला बंद होते, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

आकडेमोड
बरं, मी पुढे सरकतो. तळाच्या संघावरचा विजय हिशेबातून गाळायची मुभा द्या, म्हणजे जिंकून कुणी घसरणार नाही. एवढा बदल मला चालेल. खूश?

पण केरीकर, एक प्रश्न राहिलाच. तो शेवटचा सामना कॉन्फरन्सचा होता?

केरीकर
नाही.

आकडेमोड
म्हणजे निवडलेला. दहाच्या दहा हरलेला संघ, सीझनच्या शेवटच्या आठवड्यात, सीड पक्कं व्हायच्या तोंडावर. कोणत्या कोचने निवडला हो?

केरीकर
सीनियर नाइट होती, शेवटच्या वर्षाच्या पोरांच्या कौतुकाचा सामना.

गोलकीपरची_आई
अगं बाई.

आकडेमोड
उत्तर राहिलं.

केरीकर
सांगतो. सीनियर नाइटच्या पालक समितीत मी होतो. कोचला चॅपल हिलकडचा एक तगडा संघ हवा होता. मीच मेल टाकली, की त्या दिवशी बाकावरच्या चारही सीनियर मुलांना खेळायला मिळावं, सोपा संघ बघा. त्यातला एक तीन वर्षांत मोजून वीस मिनिटं खेळला होता. त्याची आजी नाशिकहून आली होती. त्याने सहावा गोल मारला आणि आजी बाकड्यावर उभी राहून ओरडली, रेफरीनेही वळून पाहिलं. आरपीआयचं तेव्हा डोक्यातही नव्हतं.

सूत्राबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

आकडेमोड
बदलू नका. पण बस विल्मिंग्टनला तुम्ही नेलीत.

रंकाळा_काठ
आजीचा फोटो हाय का?