वडील वारले आणि अर्जात लिहिलं 'ताप' : शिक्षकांना दुखवटा रजा हवी की नको?

रंकाळ्याकाठचा मास्तर

मंडळी, विषय जड आहे, पण बोलायला पाहिजे.

आमच्या एका सहकाऱ्याचे वडील रविवारी रात्री गेले. सोमवारी पंचगंगेवर अग्नी दिला, बुधवारी सकाळी रक्षाविसर्जन. आपल्याकडं तिसऱ्या दिवशी रक्षा उरकतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर भेटायला येणारे, उत्तरकार्याची जुळवाजुळव, बँकेत आणि तलाठ्याकडं हेलपाटे, आणि घरात एकटी पडलेली आई. गड्याच्या किरकोळ रजा वडिलांच्या दवाखान्यातच संपलेल्या. ऑफिसातनं सल्ला मिळाला, "सर, डॉक्टरचा दाखला आणा, परिवर्तित रजा टाकून देऊ."

त्यानं आणला. तापाचा. आता कागदोपत्री वडिलांच्या मयतीच्या आठवड्यात पोरगा तापानं फणफणला होता असं आहे.

नियम बघा. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम 1981 चे. त्यात अर्जित आहे, अर्धवेतनी आहे, परिवर्तित आहे, अनार्जित आहे, असाधारण आहे. घरातलं माणूस गेलं तर अशी वेगळी रजा नाही. दीर्घ सुट्टी उपभोगणारे म्हणून आम्हा शिक्षकांच्या खात्यावर इतर कर्मचाऱ्यांसारखी अर्जित साठत नाही. उरते वर्षाला 20 दिवसांची अर्धवेतनी. ती खाजगी कारणासाठी घेता येते, पण नावाप्रमाणे पगार अर्धा. पूर्ण पगार पाहिजे तर परिवर्तित करून घ्या; त्याला वैद्यकीय दाखला लागतो आणि खात्यातनं दुप्पट दिवस कापले जातात. म्हणजे खरं बोलणाऱ्याचा पगार अर्धा आणि खोटा ताप आणणाऱ्याला पूर्ण.

माझी मागणी साधी आहे. आई-वडील, सासू-सासरे, नवरा किंवा बायको, मूल, सख्खा भाऊ-बहीण यांच्यापैकी कुणी गेलं तर सात दिवस पूर्ण पगारी, दुसऱ्या कुठल्याही रजेला हात न लावता. दाखला नंतर दिला तरी चालेल असा. बोला.

बावड्याचा पैलवान

काय राव मास्तर, अजून एक रजा? मे महिना तुमचा, दिवाळी तुमची, मधनंमधनं सण तुमचे. माझा धाकटा भाऊ शिरोलीत कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. आमचा म्हातारा गेला तेव्हा रक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पाळीला हजर. त्याला कुणी विचारलं नाही दुःख किती दिवसांचं आहे म्हणून. पगार आमच्या करातनं, रडायला रजा पण आमच्याच करातनं?

रंकाळ्याकाठचा मास्तर

पैलवान, मे महिन्याची सुट्टी खरी आहे, नाकारत नाही. पण मरण मे महिना बघून येत नाही. तुमच्या भावाला पण रजा मिळायला पाहिजे होती असंच मी म्हणेन. त्याला मिळाली नाही म्हणून दुसऱ्याला देऊ नका, हा कुठला न्याय?

बावड्याचा पैलवान

न्याय-बिय राहू दे. आधी खालच्याला द्या, मग वरच्याला. आमच्याकडं उलटं असतंय कायम.

दाजीपूर रोड

मी मुख्याध्यापक आहे, डोंगरातल्या द्विशिक्षकी शाळेत. माझा विरोध आहे, आणि तो पैलवानांच्या कारणासाठी नाही.

शिक्षण हक्क कायद्यानं 60 पोरांच्या पटापर्यंत दोन शिक्षक दिले. कागदावर ठीक. प्रत्यक्षात पहिली ते पाचवी दोघांत वाटून घेतलेली. सोबतचा शिक्षक सात दिवस नसला तर पाचही वर्ग एका खोलीत. पहिलीचं पोर मुळाक्षरं गिरवतंय, पाचवीचं अपूर्णांकात अडकलंय, मधेच पोषण आहाराची मावशी तांदूळ मोजून द्या म्हणती, आणि वरनं फोन, माहिती आज बाराच्या आत भरा. त्या आठवड्यात शिकवणं होत नाही, राखण होते. पहिली ते पाचवीला वर्षात 200 दिवस शाळा भरवा म्हणून कायदा सांगतो. दिवस भरतात, त्यात शिकवलं किती ते कोण बघतंय?

शहरातल्या शाळेत वीस शिक्षक, एकाचे तास बाकीचे वाटून घेतात. तुमचा सात दिवसांचा हिशोब तिथला आहे. बदली शिक्षक देणार असाल तर सात काय, दहा दिवस द्या. तोवर हा हक्क डोंगरातल्या पोरांच्या वाट्यातनं काढून दिलेला हक्क आहे.

आणि एक. आम्ही माणसंच आहोत. माझ्या सहकाऱ्याची आई गेली तेव्हा मी रजेचा अर्ज मागितला नाही. म्हटलं, जा, मी बघतो. प्रत्येक गोष्टीला शासन निर्णय लागत नाही.

शाहूपुरीची बाई

दाजीपूर सर, तुम्ही बरे आहात म्हणून तुमच्या सहकाऱ्याचं भागलं. त्याच्या जागी मी असते आणि तुमच्या जागी माझे आधीचे साहेब असते तर? ते दुःख पण मस्टरवर मोजायचे. आणि "जा, मी बघतो" म्हणजे मस्टरवर काय झालं? सही नंतर झाली ना? उद्या विस्तार अधिकारी भेटीला आले असते तर तुम्ही दोघंही अडकला असता. तुमच्या चांगुलपणाला पण एक नियम पाठीशी पाहिजे.

आता माझं म्हणणं मास्तरांना. तुमच्या यादीत सासू-सासरे घातलेत ते बरं केलंत, पण प्रत्यक्षात काय होतं सांगते. सासरे गेले तेव्हा स्टाफरूममधनं सगळ्या म्हणाल्या, "अगं शाळेत कशाला आलीस, घरी पाहुणे असतील." माझी आई गेली तेव्हा त्याच सगळ्या, "माहेरी भाऊ-भावजय आहेत ना करायला?" घरात स्वयंपाकाला बाई कमी पडते म्हणून रजा, आणि आई गेली म्हणून नाही. नियम करायचा तर त्यात आई-वडील म्हणजे लग्न झालेल्या मुलीचेही, असं स्पष्ट लिहा. लिहिलं नाही तर साहेब आपापल्या घरातल्या रीतीप्रमाणं अर्थ लावतील.

आणखी एक राहिलंच. बाळंतपणात मूल गेलं तर केंद्रानं 2022 मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना 60 दिवसांची विशेष प्रसूती रजा दिली. म्हणजे मृत्यूसाठी रजा ही कल्पना सरकारला परकी नाही. मग दहा वर्षांचं मूल गेलं तर त्या आईनं कुठल्या रकान्यात बसायचं?

तासिकावाला

वाचतोय शांतपणे. आम्हाला तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. तुमची पूर्ण पगारी, अर्धवेतनी, परिवर्तित ही चर्चा म्हणजे दुसऱ्याच्या पंगतीतला मेनू वाचल्यासारखं वाटतंय. माझी आजी गेली त्या दिवशी मी पहिले दोन तास घेऊन मातीला गेलो. चालू द्या.

रंकाळ्याकाठचा मास्तर

तासिकावाले, तुमचं वाचून गप्प झालो. मागणीत 'शिक्षक' म्हणजे शिक्षण सेवक, अंशतः अनुदानित शाळांवरचे आणि तासिकेवरचेही धरायला पाहिजेत. तुमच्या बाबतीत निदान ठरलेल्या तासांचे पैसे कापू नयेत एवढं तरी.

बिंदू चौक

सात दिवस, तेरा दिवस हे आकडे येतात कुठून? सुतकातनं. माझी हरकत तिथं आहे. सरकारी रजेचा पाया सुतक असू नये. आपल्याच जिल्ह्यात लिंगायत समाज मोठा आहे, त्यांच्या तत्त्वात सुतकच नाही. मुस्लिम शिक्षिकेचा नवरा गेला तर इद्दत, म्हणजे विधवेनं पाळायचा काळ, चार महिने दहा दिवसांची. जैनांचं वेगळं, ख्रिश्चनांचं वेगळं. कुणाच्या विधीप्रमाणं दिवस मोजणार? शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं 2022 मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला आणि राज्य सरकारनं तो बाकीच्या गावांपुढं ठेवला. ज्या जिल्ह्यानं मरणाच्या रीती बदलायला सुरुवात केली तिथल्या शिक्षकांनी सुतकाला शासकीय शिक्का मागायचा?

शाहूपुरीची बाई

बिंदू चौक, मास्तरांनी सुतक शब्द कुठं लिहिलाय दाखवा. नवरा गेलेल्या बाईला वारसा नोंद, पेन्शनचे कागद, बँक, मुलांच्या शाळेत सांगणं, हे काय विधी आहेत? तुम्ही पुरोगामी लोक विधी नाकारता तिथपर्यंत ठीक. त्याबरोबर माणसाची झोप उडालेली असते ते पण नाकारू नका.

बिंदू चौक

मान्य. मग विधीचं नाव न घेता सरसकट पाच दिवस ठेवा, सगळ्यांना सारखे. हवे तर सलग, हवे तर महिन्याभरात तोडून. लिंगायत बाई पहिले दोन घेईल आणि बाकीचे कागदपत्रांसाठी. कुणी बाराव्याला घेईल. सरकारनं विचारूच नये.

मिसळ विदाऊट पाव

एकाच आजीला नोकरीभरात चारदा मारणारे महाभाग आमच्या स्टाफरूममध्ये आहेत. त्यांचं काय करायचं? नुसतं विचारतोय.

रंकाळ्याकाठचा मास्तर

यादीत आजी नाही, त्यामुळं आजीला धोका नाही. आणि मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असं कायदाच सांगतो. नोंद झाली की दाखला मिळतो. रजा आधी, दाखला नंतर. नाही दिला तर पगारातनं कापा. खोटा ताप पकडण्यापेक्षा खोटं मरण पकडणं लई सोपं आहे.

हुपरीची चांदी

एक आठवण. लता मंगेशकर गेल्या तेव्हा राज्य सरकारनं 7 फेब्रुवारी 2022 ला सार्वजनिक सुट्टी दिली होती. कुणाची तक्रार नव्हती, माझीही नाही. पण सबंध राज्याचं कामकाज एक दिवस थांबवता येतं आणि एका मास्तरच्या आईसाठी एक मास्तर चार दिवस थांबू शकत नाही, हे काही पटत नाही बुवा.

दाजीपूर रोड

हुपरी, ऐकायला छान आहे. पण त्या दिवशी सगळ्यांचीच शाळा बंद होती. माझ्या शाळेत पोरं आलेली असतात आणि मास्तर नसतो. दोन्हीत फरक आहे.

परदेशस्थ करवीरकर

मी काही वर्षं न्यूझीलंडमध्ये आहे. इथं सगळ्या कामगारांना, शिक्षक असो वा कारखान्यातला, कायद्यानं जवळच्या नात्यात तीन दिवस मिळतात. कामावर लागून सहा महिने झाले की. जवळच्या नात्यात आजी-आजोबा आणि नवरा-बायकोचे आई-वडीलही येतात. त्याबाहेरचं माणूस असेल तर एक दिवस, पण तो मालकानं मान्य केला तर. मान्य करताना बघायचं काय, तर नातं किती जवळचं होतं आणि अंत्यविधीची जबाबदारी तुमच्यावर होती का. 2021 पासून नैसर्गिक गर्भपातालाही ही रजा लागू आहे. पैलवानांच्या भावाला इथं तीन दिवस मिळाले असते, तेवढं सांगतो.

बावड्याचा पैलवान

हे बरं आहे. सगळ्यांना सारखं असेल तर माझी ना नाही. पण तुमचा धागा मास्तरांपुरता आहे. धाग्याचं नाव बदला, मग येतो तुमच्या बाजूला.

शाहूपुरीची बाई

तीन दिवस म्हणजे आपल्याकडं जेमतेम रक्षाविसर्जनापर्यंत. पण ते दुसरं कलम मला आवडलं. आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेला चुलत्यानं वाढवलं, वडील लहानपणीच गेलेले. चुलता गेला तेव्हा साहेब म्हणाले, चुलता जवळच्या नात्यात बसत नाही. कुणी वाढवलं हे रकान्यात कुठं लिहायचं?

दाजीपूर रोड

आणि ते ठरवणार कोण? मीच ना. उद्या एकाचा चुलता मी मान्य केला आणि दुसऱ्याचा मामा केला नाही, की माझ्याविरुद्ध अर्ज आमच्या शाळांच्या गटावरच्या केंद्रप्रमुखाकडं. तुम्हीच म्हणालात ना, मुख्याध्यापकाच्या मर्जीवर नको? आता मर्जी परत माझ्याच गळ्यात.

रंकाळ्याकाठचा मास्तर

सर, बरोबर पकडलंत. म्हणून तिथं मर्जी नकोच. वाढवणारा पालक म्हणून शाळेच्या दाखल्यावर, रेशन कार्डावर ज्याचं नाव आहे तो वडिलांच्या जागी धरावा, बाकी नात्यांना एक दिवस, न विचारता. एका दिवसासाठी कोण भांडतंय?

बाकी बिंदू चौकांचे महिनाभरात तोडून घ्यायचे पाच दिवस मला माझ्या सातांपेक्षा बरे वाटतात. ते घेतो. लग्न झालेल्या मुलीचे आई-वडील नाव घेऊन लिहायचे, तेही घेतो. तासिकावाल्यांचं कलम पहिलं. नियमातच लिहिलंय की रजा हक्क म्हणून मागता येत नाही, त्यामुळं ही रजा 'नाकारता येणार नाही' असे शब्द पाहिजेत, नाहीतर परिपत्रक निघून सुद्धा साहेब म्हणतील, परीक्षा आहे, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात रक्षा होत नसतात.

मसुदा करतो, दोन दिवसांत इथंच टाकतो. आमदारांना द्यायचा की संघटनेमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांना, ते नंतर ठरवू.

दाजीपूर रोड

बदली शिक्षकाचं कलम?

रंकाळ्याकाठचा मास्तर

सर, ते घातलं तर वित्त विभागात फाईल अडकणार, हे तुम्हालाही माहीत आहे. आधी रजा पदरात पाडून घेऊ.

दाजीपूर रोड

मग माझी सही नाही. दोन शिक्षकांच्या शाळेला त्या पाच दिवसांत तिच्याच केंद्रातल्या दुसऱ्या शाळेतनं माणूस मिळेल एवढं एक वाक्य टाका, वित्त विभागाला पैसा लागत नाही त्यात. शेजारच्या मोठ्या शाळेतला एक शिक्षक पाच दिवस पाठवायचा. तेवढं लिहिलंत तर तालुक्यातल्या बाकीच्या मुख्याध्यापकांच्या सह्या मी आणतो.

मिसळ विदाऊट पाव

शेजारच्या मोठ्या शाळेतला कोण जाणार डोंगरात, हे आधी ठरवा.