शब्दकोडी टिकली ती बुद्धीच्या ओढीने की सवयीने?

धागाकर्ता :
आर्थर विन यांचे पहिले आधुनिक शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकात छापून आले. १९२४ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या नादाची पापी अपव्यय म्हणून संभावना केली, पुढे १५ फेब्रुवारी १९४२ पासून त्याच दैनिकाने स्वतःचे कोडे सुरू केले आणि २०२२ मध्ये तर ‘वर्डल’ हा खेळच विकत घेतला. टीकाकारानेच अखेर दुकान थाटावे, इतकी ही ओढ चिवट का? माझ्या मते, आपले उत्तर बरोबर आहे की नाही हे ठरवायला येथे परीक्षक लागत नाही. आडवा शब्द उभ्या शब्दांशी जुळला की निकाल लागतो, आणि त्यावर कोणाला वाद घालता येत नाही.

प्रतिसाद १ :
असहमत. सुडोकूचे उदाहरण पाहा. हॉवर्ड गार्न्स यांनी रचलेले हे कोडे १९७९ मध्येच अमेरिकेतील एका कोड्यांच्या मासिकात आले होते. युरोप-अमेरिकेत त्याची लाट आली ती मात्र नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने ते रोज छापायला घेतल्यावर. कोडे तेच, नियम तेच. बदलली ती जागा. रोज सकाळी चहाबरोबर जे समोर येते त्याची सवय लागते, आणि त्या सवयीलाच आपण बुद्धीची भूक असे भारदस्त नाव देतो.

प्रतिसाद २ :
आपण मधली वीस वर्षे गाळलीत. १९८४ पासून जपानमध्ये ‘निकोली’ने हेच कोडे रुजवले, आणि ते नियतकालिक लोक बातम्यांसाठी नव्हे, कोड्यांसाठीच विकत घेत. शिवाय सवय म्हणावे तर दैनिकात राशिभविष्यही रोजच असते. पण ते वाचून होते, सोडवावे लागत नाही.

मराठी शब्दकोड्यात तर सवय फार काळ पुरत नाही. ‘कमळ’, तीन अक्षरे, शेवटचे अक्षर ‘ज’ अशी वेळ आली तर पंकज, सरोज, नीरज, जलज असे चार शब्द दारात उभे राहतात. पहिले अक्षर उभ्या शब्दातून मिळेपर्यंत पेन उचलून ठेवावे लागते. त्यात आपल्याकडे काना-मात्रा-वेलांटीसह अख्खे अक्षर एका चौकोनात बसते. म्हणून ‘नीरज’ लिहायचे तर त्या चौकोनातून खाली ‘नीती’ चालेल, ‘निवड’ चालणार नाही. ऱ्हस्व-दीर्घाची एवढी कदर हल्ली दुसरीकडे कुठे होते?

प्रतिसाद १ :
कमळाचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. रोज कोडे सोडवणाऱ्याला हे चारही शब्द तोंडपाठ असतात. ‘पर्वत’ म्हटले की ‘नग’, ‘घोडा’ म्हटले की ‘हय’. बोलण्यात कधीही न येणारे हे शब्द केवळ चौकोन भरण्याच्या सोयीने जिवंत ठेवले आहेत. ठरावीक समानार्थी शब्दांची घोकंपट्टी म्हणजे बुद्धीचा कस नव्हे.

धागाकर्ता :
ही तक्रार कोडे रचणाऱ्याविषयी झाली, कोड्याविषयी नव्हे. ‘हय’साठी ‘घोडा’ हेच सूचक वर्षानुवर्षे देणे हा आळस आहे. ‘ग्रीव’च्या आधी लागून विष्णूचा अवतार होतो, असे सूचक दिले तर त्याच दोन अक्षरांसाठी वाचकाला ‘हयग्रीव’ आठवावा लागेल. सुडोकू संगणक हवे तितके पाडून देतो. असे सूचक सुचायला मात्र अजून भाषेत मुरलेला माणूस लागतो, आणि त्याचे नाव कोड्याखाली ठळक छापायला संपादकांची हरकत नसावी.