अन्वर अली ईस्ट बंगालकडे? निष्ठा, करार आणि चाहत्याचा हक्क

सॉल्ट लेकचा रहिवासी (जुलै २०२४)

कोलकात्यातील मोहन बागान या फुटबॉल क्लबाचा मध्य-बचावपटू अन्वर अली शहरातल्याच प्रतिस्पर्धी ईस्ट बंगालकडे जाणार, या एकाच बातमीने सध्या कोलकाता ढवळून निघाले आहे. दोन्ही क्लबांनी अद्याप अधिकृतपणे काहीही जाहीर केलेले नाही. तरीही बोलणी बरीच पुढे गेली आहेत असे सगळीकडे ऐकू येते, आणि मोहन बागानचा चाहता म्हणून मला त्यावर आत्ताच, म्हणजे सही होण्यापूर्वीच, मत मांडावेसे वाटते.

माझा आक्षेप केवळ भावनेचा नाही. अन्वर गेल्या वर्षी दिल्ली एफसीकडून चार वर्षांच्या लोनवर, म्हणजे मूळ क्लबाकडून ठराविक मुदतीपुरता उसना, मोहन बागानकडे आला. त्याच हंगामात, ३ सप्टेंबर २०२३ रोजी, आपण ईस्ट बंगालला १-० असे हरवून ड्युरंड कप जिंकला आणि पुढे इंडियन सुपर लीगची, साखळीत अव्वल राहणाऱ्याला मिळणारी शील्डही मिळवली. एखादा क्लब तेविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या, भारतीय संघात स्थिरावलेल्या बचावपटूला चार वर्षांसाठी घेतो, तेव्हा तो पुढच्या चार हंगामांची बचावफळी त्याच्याभोवती उभी करत असतो. त्या वेळी दुसरा भारतीय बचावपटू घेण्याची जी संधी सोडून दिली जाते, ती एका वर्षाने परत मिळत नाही. त्यामुळे अन्वर ईस्ट बंगालऐवजी बंगळुरूला किंवा मुंबईला गेला असता तरीही मी हेच म्हटले असते. तो ईस्ट बंगालला जात आहे म्हणून दुःख अधिक आहे, हे मात्र मान्य करतो.

लाल-सोनेरी

आपण आक्षेप भावनेचा नाही असे म्हणता, परंतु सगळा युक्तिवाद खेळाडू ही क्लबची गुंतवणूक आहे या गृहीतकावर उभा आहे. कोलकात्याच्या मैदानाचा इतिहास आपल्याला माझ्याइतकाच ठाऊक असेल. श्याम थापा ईस्ट बंगालचे होते. १९७७ मध्ये ते मोहन बागानकडे गेले, त्याच वर्षी पेले ज्या संघातून ईडन गार्डन्सवर खेळले त्या न्यूयॉर्क कॉसमॉसविरुद्ध त्यांनी गोल केला, आणि पुढच्या वर्षी ईस्ट बंगालविरुद्धच त्यांनी मारलेल्या बायसिकल किकची आठवण आजही आपले लोक अभिमानाने काढतात. तेव्हा निष्ठेचा प्रश्न कोणाला पडला होता? १९८५ मध्ये कृशानू दे आणि विकास पांजी ही जोडी मोहन बागानकडून आमच्याकडे आली, तेव्हा आपल्या बाजूला तो विश्वासघात वाटला आणि आमच्या बाजूला उत्सव झाला. चिमा ओकोरी तर मोहम्मेडन, ईस्ट बंगाल आणि मोहन बागान अशा तिन्ही क्लबांकडून खेळला, आणि बायचुंग भुतिया दोन्ही क्लबांच्या तंबूंत किती वेळा आला-गेला हे आपल्याला सांगायला नको. ज्या शहरात दलबदलाच्या दिवसांत खेळाडू प्रतिस्पर्धी क्लबाच्या हाती लागू नये म्हणून त्याला लपवून ठेवण्याचे प्रकार होत असत, त्या शहरातल्या चाहत्याने एका तरुणाच्या निर्णयावर इतके कठोर होऊ नये.

आणखी एक गोष्ट. जानेवारीत ईस्ट बंगालने सुपर कप जिंकला आणि त्या स्पर्धेत मोहन बागानला ३-१ असे हरवले. बारा वर्षांनी आलेल्या राष्ट्रीय विजेतेपदानंतर क्लब उभारी घेत असताना चांगल्या खेळाडूला तो प्रकल्प आपलासा वाटला, तर ते स्वाभाविक आहे.

सॉल्ट लेकचा रहिवासी

आपण दिलेली उदाहरणे माझ्याच बाजूची आहेत. त्या काळी कोलकात्यात खेळाडू दरवर्षी नव्याने सही करत असत. हंगाम संपला की तो मोकळा होत असे, आणि मग श्याम थापा असोत वा कृशानू दे, त्यांनी कोणाचेही दिलेले वचन मोडले नव्हते. परदेशातील सर्वांत गाजलेली दोन प्रकरणे घ्या. २००० साली लुइस फिगो बार्सिलोनाकडून रेआल माद्रिदकडे गेला, तेव्हा त्याच्या करारात ठरलेली मुक्ततेची रक्कम माद्रिदने पूर्ण भरली. २००१ साली सोल कॅम्पबेल टॉटनहॅमकडून आर्सेनलकडे गेला, तेव्हा त्याच्या कराराची मुदत संपली होती. या दोघांना जन्मभर पुरेल एवढा राग चाहत्यांनी दिला, पण त्यांनी करार मोडला असे कोणालाही म्हणता आले नाही. अन्वरच्या बाबतीत तीन वर्षे शिल्लक आहेत. चाहत्याचा राग आणि क्लबची तक्रार या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि इथे मी क्लबची तक्रार मांडतो आहे.

करारवाचक

दोन्ही बाजू एका महत्त्वाच्या मुद्द्याला बगल देत आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी या दोन्हींपैकी कोणत्याही क्लबाचा नाही.

प्रश्न असा आहे की चार वर्षांचे लोन मुळात देता येते का. फिफाने खेळाडूंच्या लोनसंबंधीचे नवे नियम १ जुलै २०२२ पासून लागू केले आणि त्यांत लोनची कमाल मुदत एक वर्ष ठरवली. हेतू उघड होता : मोठ्या क्लबांनी डझनावारी खेळाडू विकत घेऊन ते वर्षानुवर्षे इतरत्र फिरवत ठेवू नयेत. अन्वरचा करार त्यानंतरचा, २०२३ मधला आहे. त्यामुळे दिल्ली एफसी आणि अन्वर यांची बाजू घेणारा वकील सहज म्हणेल की एक वर्षापलीकडचा भाग नियमबाह्य होता आणि खेळाडू मूळ क्लबाकडे परतण्यास मोकळा आहे. परंतु गोष्ट इथे संपत नाही. देशांतर्गत लोनचे नियम या धर्तीवर आणण्यासाठी फिफाने राष्ट्रीय महासंघांना तीन वर्षांची मुदत दिली होती, आणि हा करार एकाच देशातील दोन क्लबांमधला आहे. म्हणजे मोहन बागानचा वकीलही तितक्याच ठामपणे म्हणू शकेल की त्या काळात तो वैध होता, आणि तिन्ही पक्षांनी डोळे उघडे ठेवून त्यावर सह्या केल्या होत्या.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. अठ्ठाविसाव्या वाढदिवसापूर्वी केलेल्या कराराची पहिली तीन वर्षे फिफाच्या नियमांत संरक्षित मानली जातात. या काळात योग्य कारणाशिवाय करार मोडल्यास भरपाई तर द्यावी लागतेच, शिवाय खेळाडूवर चार महिने खेळण्याची बंदी येऊ शकते आणि त्याला फूस लावणाऱ्या क्लबावर दोन नोंदणी-काळांपुरती (म्हणजे नवे खेळाडू नोंदवण्याच्या दोन ठराविक मुदतींपुरती) नवे खेळाडू घेण्याची बंदी येऊ शकते. अन्वर अजून चोवीस वर्षांचाही झालेला नाही आणि कराराला एकच वर्ष झाले आहे. ईस्ट बंगालच्या चाहत्यांनी आनंद साजरा करण्यापूर्वी हा हिशोब जरूर करावा. एका बचावपटूसाठी दोन नोंदणी-काळ गमावण्याची किंमत मोठी आहे.

माझा राग कोणावर असेल तर तो चार वर्षांचे लोन नावाचा हा प्रकार चालवून घेणाऱ्या सगळ्यांवर आहे. खेळाडू हवा होता तर मोहन बागानने तो विकत घ्यायचा होता. विकायचा नव्हता तर दिल्ली एफसीने त्याला चार वर्षांसाठी सोडायचा नव्हता.

मडगावकर

अन्वरला करारमोडा ठरवण्यापूर्वी तो कुठून आला हे आठवावे. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो भारताच्या संघात होता. त्यानंतर मुंबई सिटीने त्याला घेतले, आणि तिथल्या वैद्यकीय तपासणीत त्याच्या हृदयात दोष असल्याचे निष्पन्न झाले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्याला खेळण्यापासून रोखले. त्याला दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागावी लागली. विशीतल्या मुलाला खेळू द्या म्हणून न्यायालयात उभे राहावे लागते, ही काय अवस्था असेल याचा विचार करा. त्या काळात दिल्ली एफसी आणि त्याच्याशी जोडलेली मिनर्व्हा अकादमी त्याच्या पाठीशी उभी राहिली. मग २०२२ च्या सुरुवातीला एफसी गोवाने त्याला लोनवर घेतले, आमच्याकडे त्याने लीगमध्ये पाऊल ठेवले आणि त्याच मार्चमध्ये तो भारताकडून खेळला.

फातोर्ड्यावर, म्हणजे आमच्या मडगावच्या स्टेडियमवर, त्याला खेळताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याचे हवेतले चेंडू आणि मागून दिलेले लांब पास आठवत असतील. त्याचे लोन संपले आणि तो मोहन बागानकडे गेला, तेव्हा आम्हालाही वाईट वाटले, कारण तयार झालेला खेळाडू नेमका कोलकात्याला जातो हे गोव्याने अनेकदा अनुभवले आहे. पण आम्ही त्याला शाप दिले नाहीत. ज्याची कारकीर्द एका अहवालाने संपता संपता वाचली, त्याने ईस्ट बंगालकडे पाच वर्षांची शाश्वती देणारा करार शोधला तर मी त्याला दोष देणार नाही.

शाहू स्टेडियम, कोल्हापूर

मडगावकरांचा मुद्दा मनाला भिडतो, परंतु त्यातून चाहत्याने गप्प बसावे असा निष्कर्ष निघत असेल तर तो मला मान्य नाही. कोल्हापुरात हंगामापूर्वी खेळाडूंची नोंदणी सुरू झाली की पेठापेठांत हीच चर्चा असते. पाटाकडीलचा कोण शिवाजी तरुण मंडळाकडे चालला, दिलबहारला कोण मिळाला, खंडोबाचा गोलरक्षक राहणार की जाणार, यावर लोक तावातावाने बोलतात. आमच्या खेळाडूंना मिळणारी रक्कम कोलकात्याच्या तुलनेत फारच लहान, पण तालमीच्या नावाशी असलेले नाते तेवढेच खोल आहे. एका तालमीत वाढलेला मुलगा समोरच्या तालमीचा टी-शर्ट घालून उतरतो तेव्हा त्या पेठेतल्या माणसाला जे वाटते ते खोटे नसते, आणि नियमांच्या पुस्तकाने ते पुसता येत नाही.

म्हणून करारवाचकांना माझे सांगणे असे की, वैध काय आणि अवैध काय हे महासंघाची समिती ठरवील. चाहत्याचा प्रश्न वेगळा आहे. आपण ज्याच्यासाठी आवाज लावला, तो समोर उभा राहिल्यावर त्याच्याशी कसे वागायचे? माझे उत्तर असे : टाळ्या नकोत, शिव्याही नकोत. त्याच्या पायाशी चेंडू गेल्यावर हुर्यो उडवणे हा खेळाचा भाग आहे. त्याच्या घरच्यांना आणि आजाराला मध्ये ओढणे हा नाही.

सॉल्ट लेकचा रहिवासी (१० सप्टेंबर २०२४)

ऑगस्टमध्ये ईस्ट बंगालने अन्वरला करारबद्ध केल्याचे जाहीर केले, हे सर्वांना माहीत आहेच. आज महासंघाच्या खेळाडू दर्जा समितीचा आदेश आला. अन्वरवर चार महिन्यांची बंदी, ईस्ट बंगाल आणि दिल्ली एफसी यांच्यावर दोन नोंदणी-काळांची बंदी, आणि अन्वर व हे दोन्ही क्लब यांनी मिळून मोहन बागानला १२.९० कोटी रुपयांची भरपाई द्यायची आहे. जुलैमध्ये मी जे म्हटले होते, ते आता समितीने म्हटले आहे. चार वर्षांचा करार हा चार वर्षांचाच असतो.

लाल-सोनेरी

समितीने काय म्हटले हे मी वाचले. करार बेकायदा मोडला असेल तर भरपाईची भाषा समजू शकते, आणि क्लबने ती द्यावी असे मीही म्हणेन. पण चार महिने खेळण्याची बंदी ही शिक्षा नेमकी कोणाला? हृदयविकाराच्या नावाखाली ज्याची ऐन उमेदीची वर्षे आधीच गेली, त्याला पुन्हा घरी बसवून मोहन बागानच्या बचावफळीतला एक दगडही परत येणार नाही. दोन क्लबांच्या मालकांनी कागद लिहिले, दलालांनी बोलणी केली, आणि सर्वांत जड भार चोवीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर.

करारवाचक (ऑक्टोबर २०२४)

यानंतर काय झाले ते इथे नोंदवतो, म्हणजे चर्चा जुन्या माहितीवर चालणार नाही. हा आदेश दिल्ली उच्च न्यायालयात आव्हानित झाला, आणि समितीला तो मागे घेऊन सर्व पक्षांची बाजू नव्याने ऐकावी लागली. तोवर अन्वर ईस्ट बंगालकडून खेळू शकतो. म्हणजे सॉल्ट लेकच्या मित्रांनी ज्या निकालाचा आधार घेतला तो आज उभा नाही, आणि लाल-सोनेरी यांना ज्या बंदीचा राग आला तीही नाही. अशा वेळी एवढीच मागणी करता येते की नवी सुनावणी लवकर व्हावी आणि आदेशात लोनच्या मुदतीवर स्पष्ट मत असावे. ते न झाल्यास पुढच्या उन्हाळ्यात हाच वाद दुसऱ्या नावाने उभा राहील. माझी दुसरी मागणी अशी की प्रत्येक लोनची मुदत आणि मूळ क्लबाचे नाव महासंघाने नोंदणीच्या दिवशीच जाहीर करावे. रक्कम जाहीर करण्याची गरज नाही.

सॉल्ट लेकचा रहिवासी

दुसऱ्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पहिल्या मागणीबाबत मात्र मी आपल्याशी सहमत नाही. लोनची मुदत पुढे काहीही ठरो, २०२३ मध्ये सही करताना ज्या तीन पक्षांना ती चार वर्षांची हवी होती, त्यांपैकी दोघांना एका वर्षानंतर नियमाची आठवण व्हावी हे मला पटत नाही. १९ ऑक्टोबरला सॉल्ट लेक स्टेडियमवर लीगमधली या मोसमाची पहिली डर्बी, म्हणजे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना, आहे. मी जाणार आहे. शाहू स्टेडियमच्या मित्रांनी आखून दिलेली मर्यादा मी पाळीन, पण त्याच्या पायाशी चेंडू गेला की हुर्यो मीही उडवणार आहे.

लाल-सोनेरी

अवश्य उडवा. समोरच्या गॅलरीत आम्हीही त्याचे नाव घेऊन आवाज लावणार आहोत, आणि तो हक्क आमचाही आहे.